गोल नसलेल्या पिना

मी कंपनीच्या बसमध्ये गणिताचं पुस्तक वाचते, यावरून बरीच चेष्टा होते. शेजारी बसणारी रुपाली तर रोज विचारते, "अल्फिया, पेपर कधी आहे गं?" पेपर नाही, काही नाही. मला आवडतं. बी.एस्सी. होऊन चाकणला मशीनच्या पिनांची जाडी मोजायच्या नोकरीला लागले, तरी खोड गेली नाही.

त्या सकाळी रहाटणीहून निघालेली बस मोशीला अडकली आणि मी एका पानावर अडकले. तीन फुगीर बाजूंचा एक आकार असतो म्हणे. रुंदी कुठूनही मोजा, सारखीच भरते, तरी तो गोल नसतो. सिद्धता दोनदा तपासली. चूक सापडेना. पुस्तक मिटून ड्रायव्हरला विचारलं, अजून किती वेळ लागेल.

कारण परवाच मी उद्धवरावांना अडचणीत आणलं होतं. ते सव्वीस वर्षं बोरिंग मशीनवर लोखंडात भोकं पाडतात. त्यांनी पाडलेल्या भोकांत आमच्या पिना अडकत होत्या. मी प्रत्येक पिन मायक्रोमीटरच्या जबड्यांत धरून तीन-तीन बाजूंनी मोजली. सगळीकडे रुंदी सारखी. 'पिना गोल आहेत,' असं लिहून सही ठोकली. म्हणजे भोकं चुकलेली. आज अकराला साहेबांनी उद्धवरावांना बोलावलं होतं.

बस हलेना. उतरून रिक्षा करावी, तर ती काय उडत जाणार होती? सारखी घड्याळ बघत होते. स्वतःच्या हुशारीची चीड येत होती.

पोचले तेव्हा अकराला पाच कमी. एक पिन व्ही आकाराच्या खाचेत ठेवली, वर उंचीतला फरक दाखवणारा डायल टेकवला आणि पिन फिरवली. गोल असती तर काटा हललाच नसता; एका फेरीत तो तीनदा वर गेला. दुसरी पिन घेतली, तरी तेच. मी फक्त रुंदी मोजली होती. गोल आहे हे नुसतं धरून चालले होते.

साहेबांच्या केबिनकडे धावले, तोवर सव्वाअकरा झाले होते. उद्धवराव बाहेर येत होते.

"काका, पिनाच गोल नाहीत. चूक माझी आहे."

"राजीनाम्यावर सही केली, माय," ते म्हणाले. "माझ्या हाताला भोक बराबर लागत हुतं. पर तू शिकलेली. तू मोजलंस म्हणल्यावर मीच हातावरचा भरोसा सोडला."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी आत शिरले. टेबलावर कागद होता: 'माझ्या चुकीमुळे काम बिघडले, म्हणून मी नोकरी सोडत आहे.' मी उद्धवरावांचं नाव खोडलं आणि त्याच्याखाली माझं लिहिलं.