आभाळाखालची खिडकी

शेंडेफळ मिशनच्या गटात गेली ती देवाच्या हाकेमुळे नव्हे, आईच्या. भावंडांत सगळ्यांत धाकटी म्हणून घरी आणि चर्चमध्येही तिला शेंडेफळच म्हणत. परदेशातल्या एका आसऱ्याच्या घरात आपल्या भाषेच्या बाया आहेत, घरकामाला म्हणून नेलेल्या, कोंडून राबवलेल्या आणि आता सुटलेल्या. जा, त्यांची सेवा कर, असं आईने फर्मावलं. शेंडेफळ नोकरीशिवाय घरीच बसून होती, त्यामुळे ‘वेळ नाही’ हे कारण तिच्याकडे शिल्लक नव्हतं.

सेवा म्हणजे नक्की काय, ते पहिल्याच सकाळी कळलं. रंगकाम. तिथल्या बाया आपला स्वयंपाक आपण करत, शिवण शिकत, खटल्यांचं वकीलबाई बघत. पाहुण्यांच्या वाट्याला फक्त भिंत उरली होती, आणि तीही एकाच खोलीची, कारण ती जिन्याच्या तोंडाशी होती आणि डबे तिथवर न्यायला सोपे पडत. एका गटाने समुद्र काढला. दुसऱ्याने समुद्र बुजवून सूर्योदय काढला. तिसऱ्याला सूर्य भगभगीत वाटला, म्हणून त्यांनी सरसकट आभाळ केलं. खोली आतून हळूहळू लहान होत चालली होती.

खोली थोरलीची होती. वयाने मोठी म्हणून बाकीच्या तिला थोरली म्हणत. ती राबत होती त्या बंगल्यात मालकिणीने तिला सामानाच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. इथे आली तेव्हा ताईंनी, म्हणजे हे घर चालवणाऱ्या बाईंनी, विचारलं, तुला काय हवं? थोरली म्हणाली, खिडकी. खिडकी मिळाली. मग आभाळवाला गट आला.

आधीच्यांचा समुद्र आणि सूर्य झडपांवरही आले होते, पण खिडकी उघडत होती; यांनी ती फटींसकट रंगवली. तावदानं, चौकट, बिजागऱ्या, कडी, सगळं निळं. रंग वाळला आणि झडपा चौकटीला अशा चिकटल्या की भिंतीला कधी खिडकी होती हे भिंतही विसरली. तेव्हापासून थोरली दारात झोपायची. पाय खोलीत, डोकं वऱ्हांड्यात. पाणी प्यायला उठलेली बाई तिला ओलांडून जायची.

हे तिने शेंडेफळला पलंगावर जुने कागद अंथरताना सांगितलं. ताईंना सांगितलं होतं, पण ताई म्हणत, एवढा गट जाऊ दे, मग खरवडू. गट जायचा, दुसरा यायचा. मुंग्यांच्या रांगेला कधी शेपूट असतं का? चमच्याने उकरून पाहिलं तर चमचा वाकला, आणि ताईंनी हात जोडले, कारण ते आभाळ मिशनच्या कॅलेंडरवर छापलं होतं.

“तू सांग त्यांना. तुझं ऐकतील,” थोरली म्हणाली.

“माझं घरी मांजर ऐकत नाही.”

तरी तिने सांगितलं. गटाच्या प्रमुख पाळकीणबाई होत्या, पाळकांची बायको, मनाने लोणी. थोरलीच्या खोलीतली खिडकी उघडत नाही, एवढं शेंडेफळ म्हणाली, तोच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे दोन्ही हात धरून तिथल्या तिथे प्रार्थना केली, की हे प्रभू, या बहिणीच्या मनाची खिडकी तूच उघड. ‘आमेन’ म्हणताना त्यांना कल्पनाही सुचली. या खेपेला समोरच्या कोऱ्या भिंतीवर उघडी खिडकी काढायची, वाऱ्यावर उडणाऱ्या पडद्यासकट. पडदा शेंडेफळकडे आला. आपण तोंड उघडलं की काम वाढतं, एवढा बोध घेऊन ती पडदा रंगवायला लागली.

शेवटच्या दिवशी दुपारी चित्राचं समर्पण होतं. घरातल्या सगळ्यांना खोलीत बोलावलं. राखणदार उंच म्हणून त्याला मागच्या रांगेत उभं केलं. गटातल्या काकांचं गावी हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला कबुतर काढलं होतं, आणि काम कसं नेटकं व्हावं म्हणून दाराची मूठ काढून ठेवली होती. कबुतर फोटोत यायला हवं, असं पाळकीणबाई म्हणाल्या. कुणीतरी दार लोटलं. खट् झालं.

“मूठ कुठाय?” ताईंनी विचारलं.

“बाहेर,” काका म्हणाले. “नीट कागदात गुंडाळून ठेवलीय. काळजी नको.”

पाळकीणबाईंनी राखणदाराला फोन लावला. तो मागच्या रांगेत वाजला. राखणदाराने अदबीने उचलला आणि म्हणाला, “बोला, बाई.”

एक बाई फस्सकन हसली आणि लगेच थांबली. ओल्या रंगाचा वास घशात बसायला लागला. गटातल्या कुणी गाणं सुरू केलं, पण दुसऱ्या कडव्याला श्वास पुरेना. थोरली दाराशी खाली बसली होती. दाराखालच्या फटीतून तिने बोटं बाहेर घातली होती. अख्खी बाई आत, चार बोटं वऱ्हांड्यात.

“अगं, या खोलीला खिडकी नाही का?” पाळकीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी नव्या खिडकीकडे पाहिलं. काका तर दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी पडदा चाचपला. हाताला रंग लागला.

“आहे,” शेंडेफळ म्हणाली. “समोर. आभाळाखाली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उघडत नाही म्हणून. तुम्ही प्रार्थना केलीत.”

“मला वाटलं…”

“ठाऊक आहे. काका, खरवडणी द्या.”

आभाळाखाली सूर्य निघाला. सूर्याखाली अर्धा मासा. मग कडी. काकांनी आणि राखणदाराने खांदा लावला, तेव्हा कुठे खिडकी मोडल्यासारखा आवाज करत उघडली आणि हवा आली. राखणदाराने समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला हाक मारून खालच्या दाराच्या किल्ल्या टाकल्या आणि मूठ कागदात आहे म्हणून सांगितलं. त्याने मान डोलावली, हातातलं पंक्चर पूर्ण केलं आणि मग वर आला.

दार उघडताच खोली अशी रिकामी झाली की फोटो राहूनच गेला. ताई, शेंडेफळ आणि पाळकीणबाई तेवढ्या थांबल्या. पाळकीणबाईंचा चेहरा उतरला होता.

“आम्हाला ठाऊक नव्हतं गं,” त्या थोरलीला म्हणाल्या.

“नव्हतं, हे खरंय,” थोरली म्हणाली.

जाताजाता ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, सोमवारी पुढचा गट येतोय, आणि त्यांना हीच भिंत कबूल केलीय. त्यांना समुद्र काढायचाय.

थोरलीने बोटं चोळली. मग वऱ्हांड्यातल्या काकांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. काकांनी आणून दिला. बिजागऱ्यांवरचा रंग खरवडून ती एकेक स्क्रू काढू लागली. शेंडेफळने झडपा धरल्या. दोन्ही उतरल्या तेव्हा भिंतीत नुसतं चौकोनी भोक उरलं आणि त्यातून रस्ता आत आला, हॉर्नसकट.

“आता रंगवा म्हणावं,” थोरली म्हणाली.

“थंडीचं काय करशील?” शेंडेफळने विचारलं.

“पांघरूण घेईन. पांघरूण आतून काढता येतं.”

तिने झडपा पलंगाखाली सारल्या. अर्धा मासा तेवढा बाहेर बघत राहिला.