उजव्या हाताचा मोजा

“आधी चाकं गार होऊ द्या,” चंदनानं खिडकीतूनच सांगितलं. “गाडी साताऱ्याहून थेट आलीय ना? मग तापलेली असणार. तापल्यावर मारलं तर वाफ होऊन तोंडावर येतं.”

धरणेंद्रनं वर न बघताच मान हलवली आणि अ‍ॅसिडची फवाऱ्याची बाटली परत खाली ठेवली. गाडीचे मालक लालासाहेब कट्ट्यावर बसून चहा पीत होते. लष्करातून निवृत्त झालेला माणूस. थांबायचं म्हटलं की त्यांचा गुडघा आपोआप हलायला लागायचा.

“धरणेंद्र, हे सेंटर तुझं का वहिनींचं रं?”

“माझंच हाय की. पण आमच्याकडं काळजीवाहू सरकार बसलंय,” धरणेंद्र म्हणाला. “निवडणूक न्हाई, काय न्हाई. कायमचं.”

लालासाहेब मोठ्यांदा हसले. चंदनाही हसली, पण तिची नजर नवऱ्याच्या हातांवर होती. मोजे होते. गॉगल मात्र कपाळावर चढला होता. तिनं आपल्या डोळ्यांकडं बोट केलं तसा त्यानं तो खाली ओढला.

विश्रामबागेतल्या एका आतल्या रस्त्यावर धरणेंद्रचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं आणि त्याच्याच मागं दोन खोल्यांत त्यांचं घर. स्वयंपाकघराची खिडकी थेट धुण्याच्या जागेवर उघडायची. चंदना बी.कॉम. झालेली, लग्नाआधी एका पतसंस्थेत कामाला होती. आता तिची खरी नोकरी या खिडकीत होती. एक डोळा लेकीवर, एक डोळा नवऱ्यावर. ब्राह्मीला ती द्राक्षसुद्धा चार फोडी करून द्यायची. सासूबाईंना त्याचं हसू यायचं. चंपाबाई त्यांचं नाव, पण घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत. “आमची पोरं द्राक्षाच्या बागंतच वाढली बाई,” त्या म्हणायच्या. “एकाच्याबी घशात अडकलं न्हाई.”

अ‍ॅसिडवरून उन्हाळ्यात घरात मोठं भांडण झालं होतं. अलॉय व्हीलच्या खाचांत ब्रेकची काळी भुकटी भाजून बसते, ती साबणानं निघत नाही. एका एजंटानं पांढरा कॅन आणून दिला. फवारायचं, जरा थांबायचं, ब्रश मारायचा, पाणी मारायचं, की चाक शोरूममधून काढल्यासारखं. चंदनानं कॅनवरची बारीक इंग्रजी अक्षरं मोबाइलमध्ये घालून वाचली. कातडीतून आत शिरतं. हाडाला लागतं. कधी कधी आधी कळतसुद्धा नाही.

“हे बंद करा,” ती म्हणाली.

“बंद केलं तर गिऱ्हाईक पुढच्या सेंटरला जाईल. तितंबी हेच वापरत्यात.”

अव्वा देवाची पितळी भांडी चिंचेनं घासत बसल्या होत्या. “अ‍ॅसिड म्हंजी आंबटच न्हवं?” त्या म्हणाल्या. “जलमभर चिंच लावली, माझं हात झडलं व्हय?”

शेवटी तडजोड झाली. गार चाकावरच मारायचं. एका वेळी एकच चाक. वाळू द्यायचं नाही. वाऱ्याकडं तोंड करून फवारायचं नाही. गॉगल लावायचा. आणि मोजे. मोजे चंदनानं स्वतः जाऊन आणले, निळे, कोपरापर्यंतचे. “हे हातात असले तर मी एक शब्द बोलणार नाही,” ती म्हणाली. धरणेंद्र म्हणाला, “स्टँपवर लिहून दे.”

त्याला मोज्यांचा वैताग होता. खाचेत कुठं खरखरीत राहिलंय, हे त्याच्या डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळायचं. मोज्यात बोटं आंधळी व्हायची. तरी तो घालायचा. कुणी चिडवलं तर म्हणायचा, घरात शांतता पायजे गड्या.

दसरा उद्यावर आलेला. पूजेआधी प्रत्येकाला गाडी चकचकीत हवी होती, आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. लालासाहेबांना तर सकाळी गाडी औंधला यमाईपुढं न्यायची होती. “आरशागत झाली पायजेत चाकं,” ते दोनदा म्हणून झाले. धरणेंद्र उकिडवा बसून एकेक चाक करत होता. एका चाकात आतल्या बाजूला, चाकाचा तोल साधायला लावतात ती, वजनाची लोखंडी पट्टी चिकटवलेली होती. तिच्या कडेला त्याचं बोट अडकलं आणि सुटलं. एवढंच. चंदनानंही ते पाहिलं. त्यानं हात झटकला आणि ब्रश पुन्हा उचलला.

दुपारी तो खिडकीशी पाणी प्यायला आला. मोजे घातलेल्या हातानं तांब्याला शिवायचं नाही हाही तिचाच नियम, म्हणून ती वरून पाणी ओतायची आणि तो मान वर करून प्यायचा. पिऊन झाल्यावर तो तिथंच घुटमळला.

“आत ओलं वाटतंय गं. काढून जरा बघतो.”

“दुखतंय का?”

“न्हाई. नुसतं ओलं.”

“मग घाम असेल. रबरात घाम येतोच.” तिनं रांगेकडं पाहिलं. “आता काढलात की परत घालणार नाही तुम्ही, मला माहितंय. एवढ्या गाड्या होऊ द्या. काढू नका.”

त्यानं हाताकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “बरं बाई,” म्हणाला आणि गेला.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा अव्वांचा नेम, आणि घरात तो सगळेच पाळत. धरणेंद्र शेवटची गाडी रांगेतच सोडून, नळाखाली हात धुऊन ताटावर येऊन बसला. भाकरी मोडताना चंदनाला त्याची बोटं दिसली. उजव्या हाताच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

“दिसभर पाण्यात राहिलं की असंच हुतंय,” अव्वा म्हणाल्या.

चंदनानं त्याच्या बोटाचं टोक दाबून पाहिलं. “दुखतंय?”

“न्हाई म्हटलं की.”

तिला बरं वाटलं. नेहमी सगळ्यात वाईट तेच मनात आणायची सवय झालेली बाई, पण त्या संध्याकाळी ती म्हणाली, असू दे, उगाच कशाला. तिनं त्याला आमटी वाढली.

दुखणं नंतर, रात्री आलं. त्याविषयी धरणेंद्र पुढंही कधी नीट बोलला नाही. त्यानं हात बर्फात घातला, मांडीखाली दाबून धरला, भिंतीवर आपटला. बाहेरून दिसत काहीच नव्हतं. बोटं नुसती राखाडी होत चाललेली. दसऱ्याच्या सकाळी कसाबसा एक दवाखाना उघडा सापडला. तिथल्या डॉक्टरांनी चिखल्या झाल्यात म्हणून मलम लिहून दिलं. चंदना मोबाइलवर कॅनचा फोटो पुढं धरत राहिली. “मॅडम, नेटवर वाचून घाबरू नका,” ते म्हणाले.

तिनं रिक्षा तशीच मिरजेला घेतली. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फोटो वाचला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. कसलंसं जेल लावलं, बोटांतच इंजेक्शनं दिली. धरणेंद्रनं दातांत रुमाल धरला होता.

“हातमोजे नव्हते का?”

“होते,” चंदना लगेच म्हणाली. “आम्ही मोज्यांशिवाय वापरतच नाही.” आणि पिशवीतून तिनं मोजा काढून दाखवला. घरातून निघताना तिनं तोही आठवणीनं घेतला होता.

बाईंनी तो नळाखाली धरला, पाण्यानं भरला आणि मनगटाशी आवळून दाबला. तर्जनीच्या टोकातून बारीक धार लागली.

“इथून आत गेलंय आणि दिवसभर आतच कोंडून राहिलंय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “हात उघडा असता तर प्रत्येक चाकाला पाण्याखाली धुऊन तरी निघाला असता. आत ओलं लागलं की मोजा तेव्हाच काढायचा असतो. त्याच क्षणी.”

धरणेंद्र शेजारच्या खाटेवर होता. त्याला ऐकू आलं होतं. तो छताकडं बघत राहिला, चंदनाकडं त्यानं पाहिलं नाही. बाईंनी मोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तर्जनी आणि मधलं बोट मधल्या पेरापासून काढावी लागली. तिसऱ्याचं अजून सांगता येत नव्हतं. पाण्याच्या गनचा घोडा तो तर्जनीनं दाबायचा.

घरी आणल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. एका संध्याकाळी धरणेंद्रचा अतिशय नावाचा चुलतभाऊ आला. माधवनगरला त्याचंही असंच सेंटर होतं. चंदनानं ब्राह्मीला शेजारी धाडलं होतं. बँडेज बघितलं की पोरगी गप्प गप्प होते. दिवस कलला होता, म्हणून ती पाहुण्यांसमोरच नवऱ्याला भरवायला बसली. डाव्या हातानं खायला अव्वा द्यायच्या नाहीत, आणि चमचा त्याला नको होता. वरणभात कालवून ती एकेक घास देत होती.

“सेंटर मी बघतो तवर,” अतिशय म्हणाला. “माझी दोन माणसं हितं बसवतो.”

तवर म्हणजे कधीपर्यंत, हे कुणी विचारलं नाही.

“पर दादा, मोजं न्हवतं व्हय घातलं?”

चंदनाचा हात ताटातच थांबला. दवाखान्यापासून ती या प्रश्नाची वाट बघत होती. उत्तरही तिनं मनात जुळवून ठेवलं होतं; घातले होते, आणि हे काढत होते तर मीच काढू दिले नाहीत. तिनं तोंड उघडलं.

“कुठलं घालतोय,” धरणेंद्र म्हणाला. “खिशात होतं. ही घसा फोडून सांगत हुती. मीच ऐकलं न्हाई.”

अव्वांनी पदर डोळ्यांना लावला. “खिडकीत उभी राहून मोजं, मोजं करत हुती रं पोरगी. ह्या कानांनी ऐकलंय मी. तवा वाटायचं, काय ही किरकिर. एकदा तरी ऐकायचं हुतंस बाबा.” आणि त्यांनी चंदनाच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

“वहिनी, आवं तुमी शिकलेल्या,” अतिशय म्हणाला. “आमच्याकडं माझंबी कोण ऐकत न्हाई. एकदा येऊन सांगा की गड्यांना. कसलं मोजं आणायचं, कसं घालायचं. तुमी सांगितलं तर पटंल.”

“जाईल की,” धरणेंद्र म्हणाला. “तिला सगळं म्हाईत हाय.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना उपकार. दमलेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्यानं घासासाठी तोंड उघडलं आणि तसाच थांबला.

अव्वांच्या हाताचं वजन अजून तिच्या पाठीवर होतं. खिडकीतलं ऊन ताटावरून उतरून भिंतीच्या कडेला गेलं होतं.

“भरीव गं,” अव्वा म्हणाल्या. “दिवस चाललाय.”

चंदनानं हात उचलला. भात तिच्या बोटांतून शिताशितानं ताटात परत पडत होता, आणि धरणेंद्र तोंड उघडं ठेवून वाट बघत होता.