व्यंग म्हणजे कसलं?

सर्वेक्षण कार्यालयात साहेबांना सगळे दशांशसाहेब म्हणत. बायकोचा ताप असो की चहातली साखर, ते एका दशांशस्थळापर्यंत सांगत. दारोदार जाणाऱ्या मुलींना त्यांचा दम एकच होता: प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. कोणी म्हणालं, ‘म्हणजे काय?’, तर म्हणायचं, ‘तुम्हाला जे समजतं ते.’

“पदरचं मीठ घातलंत, की आकडा नासला,” ते म्हणत.

त्या मुलींपैकीच एक असलेल्या धाकटीला हे मनापासून पटायचं. संख्याशास्त्राची पदवीधर ती. एकाला समजावून विचारायचं आणि दुसऱ्याला नुसतंच, मग दोघांची उत्तरं एका पारड्यात घालायची कशी? दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिला यात काही खुपत नव्हतं. मग तिच्या ताईची सोनोग्राफी झाली.

ताईला तेव्हा एकविसावा आठवडा होता. डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच ताईला कळलं. बाळाची कवटी तयारच झाली नव्हती. जन्मलं तरी काही तासच जगेल, असं त्या म्हणाल्या. गर्भपाताला कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. अशा वेळी ती उठवावी, यासाठीचं विधेयक पुढच्या आठवड्यात मताला येणार होतं आणि सभागृहातल्या कुंपणावरच्या मंडळींनी सांगून टाकलं होतं, आधी लोकांचा कौल येऊ दे, मग बघू. तो कौल धाकटीच्या टॅबमध्ये जमत होता. ताईने मात्र तिला शपथ घातली होती: बाहेर कोणाला कळता कामा नये.

आणि कौल एकाच चालीत येत होता. प्रार्थनागृहातल्या गुरुजींनी तीन आठवडे तोच विषय लावून धरला होता. ‘आज पोटातल्या व्यंगाचं निमित्त,’ ते म्हणत, ‘उद्या तुमच्या घरातला लंगडा, परवा आंधळा.’ गुरुजी काही वाईट माणूस नव्हते. धाकटीची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा रोज उशाशी येऊन बसत. म्हणूनच तर लोक त्यांचं ऐकत.

“नाही लिही,” किराणावाल्याने प्रश्न संपायच्या आतच सांगितलं. “आणि आमच्या हिचंही नाहीच.”

“काकूंना मला स्वतः विचारावं लागेल.”

“विचार की. ती तर प्रार्थनेला माझ्याही पुढच्या रांगेत बसते.”

दुपारी टॅबने पुढचं घर दाखवलं ते शिवणकाकूंचं. धाकटीच्या आणि ताईच्या शाळेच्या गणवेशांपासून सगळं त्यांच्याच हातचं. काकूंचा डावा पाय जन्मापासून आखूड. मशीन त्या एकाच पायाने चालवत आणि दोन पायांच्या बायकांना मागे टाकत.

“ये गं. बरी वेळ साधलीस.” त्यांनी कापडाच्या ढिगातून एक टोपडं काढलं, बोटांवर चढवून फिरवलं. “तुझ्या ताईसाठी. डोक्याचं माप अंदाजे धरलंय. घट्ट झालं तर उसवून देईन म्हणावं.”

धाकटीने टोपडं पाहिलं आणि टॅब उघडला. “काकू, सरकारी काम आहे. घरातलं कोणी या सर्वेक्षणाच्या कामावर आहे का?”

“आमच्यातलं? नाही बाई. असतं तर?”

“तर मुलाखत तिथेच बंद होते.”

मग वय झालं, शिक्षण झालं, आणि तो प्रश्न आला. धाकटीने सपाट आवाजात वाचला. “गर्भात गंभीर व्यंग असल्यास विसाव्या आठवड्यानंतरही गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी का? हो, नाही, सांगता येत नाही.”

काकूंनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. “व्यंग म्हणजे कसलं?”

ताईच्या बाळाबद्दलचं वाक्य धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. “तुम्हाला जे समजतं ते,” ती म्हणाली.

“मला हे समजतं.” काकूंनी आखूड पायावर थाप मारली. “मग मलाही टाकायलाच हवं होतं म्हण. तुमचे गणवेश कोणी शिवले असते? नाही लिही.”

धाकटीने ‘नाही’ नोंदवलं. माहिती पाठवल्याची खूण आली. आता काम संपलं होतं आणि तिथून उठून जाणं एवढंच तिच्या हातात होतं. पण काकू टोपडं कागदात गुंडाळायला लागल्या आणि तिने ताईची शपथ मोडली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पुडी अर्धीच राहिली.

“कवटीच नाही?” त्या म्हणाल्या. “मग याला व्यंग कोण म्हणतं? व्यंग माझं. हे तर...” त्यांना शब्द सापडला नाही. “बदल ते. हो कर.”

“गेलं, काकू. आता उघडत नाही.”

“मग पुढच्या घरी तरी सांगून विचार.”

“सांगता येत नाही.”

“तू विचारत होतीस, की लपवत होतीस?”

काकूंनी टोपडं ढिगाच्या तळाशी सारलं आणि मशीन सुरू केलं. दोरा दोनदा तुटला.

संध्याकाळी ताई खिडकीपाशी बसली होती, दोन्ही हात पोटाखाली आधाराला.

“आज किती?”

“वीस घरं. सतरा नाही.”

“आणि शिवणकाकू?”

“त्याही.”

ताईने मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. “मला विचार ना.”

“तुझं मत मला माहीत आहे, ताई.”

“तसं नको. सगळ्यांना विचारतेस तसं विचार. गंमत नाही करत मी.”

धाकटीने टॅब उघडला, समोर बसली आणि छापलं होतं तसंच वाचलं. “घरातलं कोणी या सर्वेक्षणाच्या कामावर आहे का?”

ताई हसली, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. “आहे की. एक अतिशहाणी आहे.”

धाकटीने ‘हो’वर बोट ठेवलं. पडदा बदलला.

“पुढे?” ताईने विचारलं. पाठ ताठ करून, विचारल्याबरोबर सांगायचं अशा तयारीने ती बसली होती.

पदरचं काही न घालता धाकटीने वाचलं, “आपण वेळ दिल्याबद्दल आभार. ही मुलाखत इथे संपत आहे.”