सातवी पाठ

"नाव कुठंच नाही, वास्कामावशी. खाली फक्त 'सहभागी क्रमांक चार' लिहिलंय," एव्हगेनिया तिसऱ्यांदा म्हणाली.

वास्कानं काढलेलं चित्र श्टिप गावच्या वाचनालयात भिंतीवर लागलं होतं आणि तिच्या कारखान्याचे मालक कुठल्याही क्षणी येणार होते. त्यांना निमंत्रण दिलं होतं याच पोरीनं, मोठ्या हौसेनं.

एव्हगेनिया राजधानीतल्या, स्कोप्येच्या विद्यापीठातली. शिवणाच्या कारखान्यातल्या बायकांवर तिचं संशोधन. पण प्रश्न विचारला की बायका "बरं चाललंय" म्हणून तोंड मिटतात. म्हणून मार्चमध्ये तिनं एका रांगेतल्या सातजणींना कागद आणि रंगीत पेनं दिली. बोलू नका, म्हणाली, तुमचा दिवस काढा. वास्कानं शाळा सुटल्यापासून चित्र म्हणून काढलं नव्हतं. पण जे तोंडानं वीस वर्षांत सांगितलं नाही, ते हातानं सांगून टाकलं. आपल्या मशीनवरून दिसतं ते: एकीपुढं एक बसलेल्या सहाजणींच्या पाठी आणि त्यांच्यापुढं साखळी-कुलूप घातलेलं कारखान्याचं मागचं दार. बायका सिगारेट ओढायला जातात म्हणून मालकांनी ते बंद केलं होतं. तपासणीवाले येणार असले की तेवढ्यापुरती साखळी निघायची. आग लागली तर काय, हा विचार वास्काला रोज यायचा. रांगेत ती सगळ्यात शेवटी. तिच्या मागं फक्त मुकादम ट्रायचे, त्याच्या स्टुलावर.

"अगं पोरी, नाव हवंय कशाला?" वास्काचा आवाज चिरकला. "हा लेन्चेचा अंबाडा. ही स्टोयना, तिचा खांदा वाकडा. सगळ्या आहेत बघ, मी सोडून! कुणी काढलंय ते आंधळाही सांगेल!"

एव्हगेनियानं पाठी मोजल्या आणि ती पांढरीफटक पडली. नावं लपवायला तिनं जिवाचा आटापिटा केला होता. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काढून टाकते," ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"आता कुठं काढतेस? रिकामी जागा दिसली की आधी तेच विचारतील." अभिप्रायाच्या वहीजवळचं निळं पेन वास्कानं उचललं. "मला घालू का यात?"

"चित्र तुमचं आहे, मावशी." एव्हगेनिया कॉफीचे कप घेऊन दाराकडं धावली.

वास्कानं कागदाच्या खालच्या टोकाला सातवी पाठ काढली. निळा एप्रन, मानेवर गाठ मारलेला रुमाल. घाईत खांदे वाकडेच आले. देवा, नोकरी राहू दे. या वयात मला कोण ठेवणार? पेन खिशात कोंबून ती बायकांच्या घोळक्यात घुसली.

मालक एकेक चित्र बघत आले. ट्रायचे दोन पावलं मागं. क्रमांक चारपाशी मालक थांबले आणि साखळीवर त्यांचं बोट टेकलं. मग ते पाठी मोजू लागले.

"लेन्चे. स्टोयना..." शेवटी निळ्या एप्रनवर आले. "ही वास्का. सातही आहेत." वास्काचा श्वास सुटला.

मालक मात्र हलले नाहीत. "वास्काच्या मागून हे सगळं कुणाला दिसतं रे, ट्रायचे?"

ट्रायचेचा आवाज चिरकला. "मी नाही, मालक. आईशप्पथ. मला रेघही ओढता येत नाही."

"सोमवारी ऑफिसात ये. कुलपाची किल्ली परत आणून दे."

ट्रायचेचा तो चिरका आवाज वास्का ओळखत होती. मघाशी तिच्याच गळ्यातून निघाला होता. ट्रायचे तिला कधी आवडला नव्हता. पण त्याला दोन मुली होत्या, आणि सातवी पाठ काढून कागदावर जणू त्याचंच नाव तिनं घातलं होतं. मी काढलं, एवढेच दोन शब्द होते. तिनं तोंड उघडलं. मग ते मिटून, खिशातलं पेन आत दाबत ती घोळक्यात एक पाऊल मागं सरकली.