धर्मराजच्या सायकलची मान

मी सायकलची मान.

असं सांगितलं की लोक गालात हसतात. सायकलीला मान असते हे कुणाच्या ध्यानातच नसतं. सायकल बघायला आलेला माणूस घंटी वाजवतो, सीट दाबतो, चाक गरगर फिरवतो. हँडल तर सगळेच धरतात. पण ते हँडल जिने घट्ट पकडून ठेवलंय, जिच्यामुळे पुढचं चाक वळतं, त्या वाकड्या लोखंडी तुकड्याकडे कोण बघतो? दुकानदार मला स्टेम म्हणतात. माझी माणसं मानच म्हणतात, आणि मला तेच नाव शोभतं.

मी जन्मले लुधियानाला. तापून लाल झालेल्या पोलादावर घण पडले आणि मी आकाराला आले. आखूड, जाड, भरीव. अंगावर नुसता काळा रंग. तिथून गोणपाटात गुंडाळून मला वाशीला धाडलं, दिनानाथशेठच्या सायकलच्या दुकानात. तेव्हा वाशी नुकती उभी राहत होती. इमारतींपेक्षा मोकळे माळच जास्त.

दुकानात माझ्या शेजारी दुसरी एक मान टांगलेली होती. लांब गळ्याची, नाजूक बाकाची, आरशासारखी चकाकणारी. गिऱ्हाईक यायचं, तिच्यात स्वतःचा चेहरा बघायचं आणि तीच घेऊन जायचं. तिच्या जागी शेठ नवी टांगायचे. मी मात्र खिळ्यावर धूळ खात लटकलेली. मला राग यायचा. दिसायचंच असेल तर माझा बाक काय वाईट होता? पण काळ्या रंगाखाली कोण बघतंय!

एकोणऐंशी साली धर्मराज आणि भागीरथी दुकानात आले.

धर्मराज तुर्भ्याच्या दगडखाणीत कामाला होता. मूळचा मराठवाड्यातला, दुष्काळात बायकोला घेऊन इकडे आलेला. पण त्याची ओळख खाणीतली नव्हती. तो अखंड सायकल चालवायचा. मैदानात रिंगण आखायचं आणि पाच दिवस पाय जमिनीला न लावता फिरत राहायचं. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. आणि संध्याकाळी गर्दी जमली की हँडलवर डोकं टेकून पाय आभाळाकडे. लोक टाळ्या पिटायचे, पोरं त्याच्यामागे धावायची.

आदल्या वर्षी मात्र घात झाला होता. रुबाब दिसावा म्हणून त्याने हँडल फार वर ओढून घेतलं होतं. मानेचा पाय, म्हणजे तिचा खालचा दांडा, सांगाड्याच्या नळीत बोटभरच उरला. ऐन खेळात मान निसटली आणि धर्मराज डोक्यावर आपटला. गळ्याचं हाड मोडलं. हाड सांधेपर्यंत भागीरथीने त्याला हाताने भरवलं. तो बरा झाला आणि पुन्हा रिंगणाची भाषा बोलू लागला, तेव्हा तिने एकच अट घातली. या खेपेला मान ती निवडणार.

दुकानात शिरल्याबरोबर धर्मराजचा हात त्या लांब गळ्याच्या मानेकडे गेला. भागीरथीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने शेठना सगळ्यात मजबूत कोणती ते विचारलं. शेठनी मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि सांगितलं की ही घणाखाली घडलेली आहे, हिचा पाय लांब आहे, नळीत खोल बसेल. शिवाय गळा आखूड असल्यामुळे हँडल अंगाजवळ येईल. दिवसच्या दिवस बसायचं तर पाठ ताठ राहते, मनगटं भरून येत नाहीत, आणि लहान रिंगणात चाक पटकन वळतं.

भागीरथीने मला शिकंज्यात आवळायला लावलं, माझ्यात हँडल बसवायला लावलं आणि पदर खोचून त्या हँडलला ती चक्क लोंबकळली. शेठ कसंनुसं हसत म्हणाले की बाई, असं कुणी बघत नाही.

"ह्यो माणूस हिच्यावर डोकं ठेवून पाय वर करतो, शेठ," ती म्हणाली. "दिसायला कशी हाय ते मी मागून बघते."

मी केसभरही हलले नाही. त्या बाईला मी तिथेच वाहून घेतलं.

धर्मराजचं तोंड पडलं होतं. तो खालच्या आवाजात बोलला.

"माझा बाप गावात सायकलवरून उतरून चालायचा, भागीरथे. वरच्या आळीतून बसून जायची सोय नव्हती. मी चारचौघांत फिरतो ते लोकांनी बघावं म्हणून फिरतो. ही काळी घेऊन कसा फिरू?"

मला वाटलं, झालं, आता पुन्हा खिळा. पण भागीरथीने त्याला वेड्यात काढलं नाही. तिने मला उजेडात धरलं, माझ्या बाकावरून अंगठा फिरवला.

"चमक मलाबी पायजे," ती म्हणाली. "हिचा बाक बघा तरी, किती देखणा हाय. रंगच तेवढा वंगाळ. रंग उतरवू, मुलामा चढवू. ताकद मात्र मागून चढवता येत न्हाई."

धर्मराजने तेव्हा मला पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्यांच्या वस्तीतला जयप्रकाश ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मुलामा द्यायचं काम करायचा. साहेबांची परवानगी काढून त्याने मला आत नेलं. आधी माझा रंग खरवडला, मग कानशीने घणाचे ओरखडे घासून गुळगुळीत केले, मग कसल्याशा पाण्यात बुडवलं. बाहेर आले तेव्हा मलाच मी ओळखू येईना. भागीरथीने मला पदराने पुसलं आणि माझ्यात वाकून बघत कुंकू सारखं केलं. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

वाशीच्या मोकळ्या माळावर रिंगण पडलं. भोवताली दोरी, मधोमध खांब, खांबावर निळा झेंडा, कर्ण्यावर गाणी. बाजीराव नावाचा वस्तीतलाच एक जण माईकवर बोलायला. तुर्भ्याहून, तळवलीहून, नव्या सेक्टरांतून माणसं यायची. माणसांचं मला नवल वाटतं. पहिल्या दिवशी ती टाळ्या वाजवायला येतात. तिसऱ्या दिवसापासून माणूस पडतो का ते बघायला. मनात वाईट नसतं त्यांच्या, पण येतात.

धर्मराज पडला नाही. त्याची पाठ ताठ होती. उन्हात मी अशी झळकायचे की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून बघायचे.

शेवटच्या संध्याकाळी लोकांनी डोक्यावरच्या खेळाचा धोशा लावला. धर्मराजने मला दोन हातांनी हिसडून पाहिलं, मग डोकं टेकलं आणि पाय वर केले. सायकल आपल्याच वेगाने रिंगणातून सरकत होती. पण पाच दिवस त्याने जिथे आंघोळ केली होती, तिथली माती आतून भिजलेली होती. पुढचं चाक तिच्यात रुतलं आणि एकदम तिरकं झालं. धर्मराजचं सगळं वजन आडवं माझ्यावर आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा करकरले. नळीतला माझा पाय पिळवटला. जन्मताना खाल्लेले सगळे घण मला त्या क्षणी आठवले, आणि मी तसूभरही सरकले नाही.

चाक चिखलातून सुटलं. धर्मराजचे पाय खाली आले ते थेट पायडलवर. सायकल चालतच राहिली.

बाजीरावच्या हातातला माईक खाली आला. दोरीपाशी भागीरथी तोंडावर पदर दाबून उभी होती. धर्मराज हळूहळू फिरत तिच्याजवळ आला.

"बस," तो म्हणाला.

ती मागे सरली. लोकांत कुठे, असं काहीतरी पुटपुटली. "आनि माझं वजन पेलंल का हिला?"

"तूच तर बघून आनलीस."

तो दुसरा फेरा घेऊन आला तेव्हा दोन बायांनी तिला हात दिला आणि ती हँडलवर बसली. एका हाताने तिने मला घट्ट धरलं होतं. तिचा तळहात घामाने ओला झाला होता. सहा वर्षं ती दोरीच्या बाहेर उभी राहून बघत आली होती. आज सारा माळ तिच्याकडे बघत होता.

"हळू वळवा," ती एवढंच म्हणाली.

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या अजून माझ्या अंगात घुमतात. त्यातल्या अर्ध्या माझ्या, असं मी धरून चालते.

पुढे रिंगणं हळूहळू बंद पडली. घरोघर टीव्ही आले. धर्मराजला कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि सायकल पाळीवर जाऊ लागली. एका सुट्टीच्या दिवशी भागीरथी त्याच माळावर सायकल शिकली. चार वेळा पडली, पाचव्यांदा मला असं काही वळवलं की धर्मराज बघत राहिला. आता ती सेक्टरातल्या बालवाडीत कामाला आहे आणि सायकल तिचीच झाली आहे. तो बसने जातो.

माझा मुलामा आता जागोजाग उडालाय. बोल्टाशी गंज धरलाय, खोबरेल लावलं तरी थांबत नाही. सांगाडा तर पार खिळखिळा झालाय. तिकडे कळंबोलीला लोखंडाचा मोठा बाजार वसतोय, असं परवा धर्मराज सांगत होता. आमची वाट तिकडेच जाते, हे मला कळतं. त्याचं दुःख नाही. लोखंड मरत नाही, पुन्हा भट्टीत जातं.

फक्त तुमच्यापैकी कुणाच्या हाती माझं पोलाद आलंच, तर एवढं ऐका. पुन्हा काही घडवाल तर भार घेणारं घडवा. आणि कुठे आत लपवू नका. चारचौघांना दिसेल अशा जागी बसवा.