घाण्यापुरती टोरी

मागच्या वर्षी आमच्या देवाला दुकानच्या पाकिटातल्या तेलाचे वडे खावे लागले. तेही माझ्या घरचे. मी जिवंत असताना!

मोहाच्या फळातली बी म्हणजे टोरी. पावसाच्या तोंडावर आम्ही ती वेचतो, फोडतो, वाळवतो. पहिल्या तेलात बरबटीचे, म्हणजे चवळीचे वडे तळायचे, पेनाला, म्हणजे आमच्या देवाला दाखवायचे, मग आपण तोंडात घालायचे. माझ्या सासूच्या सासूपासून यात खंड नव्हता. तो पाडला माझ्या सुनेनं. ललिता बचत गटाची अध्यक्ष. एक बिस्किटांची कंपनी आली. म्हणे आम्ही बिस्किटातलं पामतेल काढून मोहाचं तेल घालणार. हिनं गावची टोरी झाडून-झटकून गाडीत चढवली. दर चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू? पण घरात तेल नाही, म्हणून गोंडपिपरीहून पाकिटं आली. पाकिटात काय? पामतेल. तिकडच्या बिस्किटातून हाकललं ते माझ्या चुलीपाशी येऊन बसलं.

यंदा माझ्या पोत्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. एसटीनं गोंडपिपरी गाठली. बाबूभाईच्या दुकानामागे त्याच्या बापाच्या वेळचा विजेवरचा घाणा आहे. बघते तर त्याच्यावर पाकिटांची खोकी रचलेली.

"घाणा कधी चालू करता, भाऊ?"

"रुखमाबाई, एका पोत्यानं मशीन गरम बी नाई होत. चार पोते आना. नाई तर या हप्त्यात भंगारवाला घेऊन जाते. आता टोरी आनतेच कोन?"

"भंगारात आधी तुमची जीभ टाका," म्हणून मी परत आले. पण एसटीत बसून हिशोब केला. घाणा गेला, की पुढे टोरी राहिली काय नि गेली काय, सारखंच.

दोन दिवसांनी यंदाची टोरी न्यायला कंपनीची गाडी समाजमंदिरापुढं उभी राहिली. प्रफुल्ल नावाचे साहेब उतरले, इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट. बायकांना बिस्किटं वाटली आणि भाषण सुरू. पामतेल तब्येतीला बरं नाही, त्याच्यासाठी परदेशात जंगलं तोडतात, आपण सगळ्यांनी मिळून ते हद्दपार केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ललिता पहाटेपासून राबत होती. तिनं गरम वड्यांचं ताट त्यांच्यापुढं धरलं.

साहेबांनी वडा उचलला, वास घेतला. "कोणत्या तेलातले?"

"पाकिटाच्या, सर. आता तेच असते घरोघरी."

त्यांनी वडा ताटात परत ठेवला. "सॉरी ताई, मी पाम खात नाही."

ललिताचं तोंड एवढंसं झालं. माझ्या सुनेला मी दिवसातून दहादा बोलते, तो माझा हक्क. पण तिचं ताट कुणी परत करावं? मी उठले.

"काऊन हो सायेब? तुमच्या पोटाले जे चालत नाई, ते आमच्या पोटाले चालते?"

"तसं नाही आई. आम्ही दर चांगला..."

"दराचं मी विचारलं नाई. वडा खा."

"आई, समजून घ्या..."

"तुमची बिस्किटं आम्ही खाल्ली ना? आता तुम्ही खा."

साहेब फोन बघू लागले. त्यांच्या ड्रायव्हरनं मात्र उभ्या उभ्या चार वडे खाल्ले आणि चटणी मागितली. तोच त्यातल्या त्यात माणूस.

मी बायकांकडे वळले. "बाबूभाईच्या घाण्याले चार पोते पायजेत, नाई तर तो भंगारात जाते. एक माझं आहे. बोला."

पदर नीट करायला सगळ्यांना तेव्हाच वेळ मिळाला. टाळ्या वाजवायला कसे दोन्ही हात होते!

ललितानं ताट खाली ठेवलं. सरळ गाडीजवळच्या वजनकाट्यापाशी गेली आणि मोजायला ठेवलेल्या पोत्यांतून आपलं पोतं ओढून बाजूला केलं.

"ताई, तुम्ही अध्यक्ष आहात. शब्द दिलाय," साहेब म्हणाले.

"उरलेल्या टोरीचा दिला समजा, सर. आधी घरचं काढू द्या," ती म्हणाली आणि मागे वळली. "ज्योत्स्ना, तुह्या सासऱ्याले पाकिटाच्या तेलानं खोकला येते म्हनत होतीस ना? मंग बसली काऊन?"

ज्योत्स्ना उठली. माधवी म्हणाली, "मी अर्धं देतो. पोराची फी भरायची आहे." तिला मी काही बोलले नाही. बाकी टोरी गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी पोती घेऊन आम्ही बाबूभाईच्या दारात.

"साडेतीनच? चार म्हटलो होतो मी."

"मंग अर्धं पोतं तुमच्या पोटातून काढू का? उचला ते खोके."

बाबूभाई हसला, पण खोकी उचलली. घाणा आधी खोकला, मग घरघरला. बऱ्याच वेळानं पिवळी धार डब्यात पडू लागली. ललितानं धारेखाली बोट धरलं, नाकाशी नेलं, आणि तोंडाकडे नेणार...

"बोट काय चाटतेस, बाई?" मी ओरडले. "आधी देवाचं काढ!"