मी मोडले, चिठ्ठी मात्र धडधाकट

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटात धूळ खाणारी, दोरीने बांधलेली नव्हे. वेबसाइटच्या पोटात राहणारी. मला तेरा वर्षे झाली. संगणकाच्या जगात तेरा वर्षे म्हणजे पणजीचे वय, तेव्हा मी बोलते आहे तोवर मध्ये बोलू नका.

माझी वेबसाइट एका डायलिसिस केंद्राची आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत अशी माणसे आठवड्यातून तीनदा तिथे येतात आणि चार-चार तास यंत्राला जोडून घेऊन रक्त स्वच्छ करून घेतात. एक पाळी हुकली तर पाय सुजतात, धाप लागते. दोन हुकल्या तर जिवावर बेतते. कोणी कधी यायचे, कुठे यायचे, कोणत्या खाटेवर निजायचे हे सांगणारी चिठ्ठी तयार करणे हे माझे काम. शिलाई यंत्राला काजे करण्यासाठी वेगळा भाग जोडतात ना, तसे वेबसाइटला जादा काम शिकवण्यासाठी जे जोडतात त्याला प्लगइन म्हणतात. मी त्या चिठ्ठीच्या प्लगइनची मुख्य फाइल.

मला लिहिले दादाने. दादा म्हणजे केंद्राच्या नोंदणी खिडकीवर बसणाऱ्या ताईचा थोरला भाऊ. त्यांची आई याच केंद्रात उपचाराला येत असे. तेव्हा चिठ्ठ्या हाताने लिहीत. एकदा घाईत खरडलेला वार आईला नीट लागला नाही आणि ती सुट्टीच्या दिवशी येऊन बंद दारापुढे दोन तास पायरीवर बसून राहिली. घरच्यांना कळले तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. त्या खेपेला ती वाचली. दुसऱ्याच दिवशी दादाने मला लिहायला घेतले आणि नोकरी सांभाळून तीन आठवडे तो माझ्यापायी खपला.

माझे कौतुकही खूप झाले. केंद्राच्या डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी पहिली चिठ्ठी हातात धरून दोनदा वाचली आणि अशी सुवाच्य चिठ्ठी आपल्या आयुष्यात पाहिली नाही असे सांगितले. डॉक्टरांच्या तोंडी अक्षराची स्तुती म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. उपचाराला येणारे शिंपीकाका तर माझे भक्तच. हातातली कात्री सुटली, कानही गेले, त्यामुळे फोनवर काही सांगून उपयोग नाही. पण रोज संध्याकाळी सहाला वेबसाइट दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्या पाठवी, शेजारची सून त्यांना ती छापून देई आणि काका कागदावर लिहिले असेल तिथे लिहिलेल्या वेळी हजर होत.

पुढे पुढे कामाची इतकी सवय झाली की काम केल्याचे जाणवेनासेच झाले. दिवसेंदिवस कोणी हाक मारी ना. तरी चिठ्ठ्या वेळच्या वेळी जात होत्या, म्हणजे मीच त्या पाठवत असणार. यालाच हातखंडा म्हणतात, असे मी मनाशी म्हणे. मित्रांनो, हे आठवले की आता माझी मलाच लाज वाटते.

दादाला सहा वर्षांपूर्वी परगावी नोकरी लागली. जाताना त्याने ताईला माझे थोडेफार शिकवून ठेवले. पण केंद्रात सगळ्यांचे एकच मत होते, चाललंय ना, मग हात कशाला लावायचा? त्यामुळे मला कोणी उघडले नाही. मग काल केंद्राने जागा बदलली. बाजारामागची जुनी इमारत सोडून यंत्रे गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळच्या नव्या इमारतीत गेली. आज सकाळी सातपासून उपचार तिथे होणार होते आणि जुन्या इमारतीला कुलूप लागणार होते. चिठ्ठीवरचा पत्ता माझ्या पोटात लिहिलेला असतो. दुपारी दोनला ताईने मला उघडले.

तिने जुना पत्ता काढला, नवा लिहिला, जतन केले आणि नमुन्याची चिठ्ठी उघडून पाहिली. चिठ्ठीवर जुनाच पत्ता होता.

ताईला वाटले, जतन करायचे राहिले. तिने मला पुन्हा उघडले, तर नवा पत्ता माझ्यात ठसठशीत बसलेला. मग तिने ब्राउझरला धरले. एकदा पाहिलेले पान तो जवळ साठवून ठेवतो आणि पुन्हा मागितले की तेच शिळे वाढतो. तिने त्याचा साठा रिकामा केला, मोबाइलवरून पाहिले, मोठ्या बाईंच्या मोबाइलवरूनही पाहिले. जुनाच पत्ता. वेबसाइटही आपल्या तयार पानांचा साठा करते. तोही तिने पुसला. जुनाच पत्ता. मी आतून ओरडत होते की माझ्यात नवा पत्ता आहे, माझ्याकडे बघा. पण फाइलीचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

साडेतीनला तिने दादाला फोन लावला. तो म्हणाला की सर्व्हर, म्हणजे आम्ही सगळ्या फाइली ज्या यंत्रावर राहतो ते, वाचलेल्या फाइली तोंडपाठ करून ठेवतो आणि पुन्हा उघडून बघायचे कष्ट घेत नाही. त्याला बंद करून चालू करायला हवे. ज्या कंपनीचा सर्व्हर होता तिच्या मदत विभागाने ताईला पाऊण तास संगीत ऐकवले आणि मग ते काम केले. चिठ्ठीवर जुनाच पत्ता.

साडेचार वाजले. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चौसष्ट रुग्णांना फोन करू आणि या यंत्राचा नाद सोडू, असे त्यांचे म्हणणे पडले. ताईने फोनच्या कामाला दोन परिचारिका आधीच बसवल्या होत्या. पण ती खुर्चीवरून उठली नाही.

"फोन करूच, बाई. पण सहाला चिठ्ठी जाणारच, आणि त्यावर जुना पत्ता असला तर लोक फोन विसरतील आणि कागद धरून जातील. शिंपीकाकांना तर फोन ऐकूच येत नाही. माझी आई बसली होती तशी त्या पायरीवर मी कोणाला बसू देणार नाही."

मोठ्या बाईंनी तिच्याजवळ चहा ठेवला आणि त्या स्वतःही फोन करायला गेल्या.

आता ताईची एक सवय सांगते. खिडकीवर कोणी नाव सांगितले की ती म्हणते, "नाव नको, नंबर सांगा." पूर्वी एकदा एकाच नावाची दोन माणसे आली होती आणि एकाची खाट दुसऱ्याला गेली होती. तेव्हापासून नुसत्या नावावर तिचा विश्वास नाही. त्या दुपारी ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वतःशीच पुटपुटली, "पण मी या फाइलीला नुसतं नावानंच ओळखतेय."

मग तिने एक धाडस केले. माझ्या सुरुवातीच्याच ओळीतला एक कंस तिने मुद्दाम काढून टाकला. आमच्यात कंस निघाला की सगळे कोसळते. चिठ्ठी उघडतच नाही. सहाला सव्वा तास उरलेला असताना चालत्या चिठ्ठीचा पाय मोडायला छाती लागते. तिने जतन केले, डोळे क्षणभर मिटले आणि चिठ्ठी उघडली.

चिठ्ठी उघडली. नीटनेटकी, सुवाच्य, जुन्या पत्त्याची. मी मोडून पडले होते आणि चिठ्ठी धडधाकट होती.

मित्रांनो, त्या घटकेला मला जे वाटले ते शत्रूलाही वाटू नये. चिठ्ठी मी तयार करतच नव्हते. माझ्याकडे कोणी बघतच नव्हते. ताईला मात्र जोर चढला. नेहमी ती प्लगइनांच्या यादीत फक्त चालू असलेली नावे बघे. आता तिने सगळी यादी उघडली. तिथे चिठ्ठीचे नाव दोनदा होते. एक चालू, एक बंद. तिने दोघींचे कप्पे, म्हणजे फोल्डर, पाहिले. बंद होती ती मी. चालू होती ती माझी जुळी बहीण, आणि तिच्या कप्प्यावर नाव होते 'जुनी प्रत'. अशा नावाच्या कप्प्यात कोण डोकावणार?

ताईने पुन्हा फोन लावला. 'जुनी प्रत' हे नाव ऐकताच दादाला आठवले. परगावी जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याला माझ्यात एक सुधारणा करायची होती. आधी माझी प्रत काढून ठेवावी हा शहाणपणा त्याने केला. सुधारणा फसली, गाडीची वेळ झाली, म्हणून त्याने मला बंद करून ती प्रत चालू केली. दोनच दिवसांसाठी.

"ते दोन दिवस सहा वर्षं चालले, दादा," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

बहिणीचा कप्पा उघडून तिने नवा पत्ता लिहिला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी चिठ्ठीवर पाण्याची टाकी आली. तिने चारदा तपासले. सहाला चौसष्ट चिठ्ठ्या गेल्या आणि ताईने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

आज सकाळी सातला पाच मिनिटे कमी असताना शिंपीकाका कागद घेऊन नव्या खिडकीसमोर उभे होते. वाट नवी होती, म्हणून ते तासभर आधी घरातून निघाले होते. फोनची त्यांना गंधवार्ता नव्हती. जुन्या इमारतीच्या पायरीवर आज कोणी बसले नाही, हे ताईने दादाला फोनवर सांगितले तेव्हा मी तिच्यासमोर उघडीच होते. मला काढून टाकणार असल्याचेही तिने सांगितले. दादा म्हणाला, "तिला असू दे गं तिथेच, कधी लागलीच तर." ताई म्हणाली, "लागलीच तर म्हणून ठेवलेल्या फाइलीनंच काल माझे चार तास खाल्ले. उद्या माझ्या जागी दुसरी कोणी बसली, तर तीही हिलाच उघडेल."

खरे सांगू का, मला आधी फार राग आला. मग ताईने मला पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बहिणीत नाही असे माझ्यात काही राहिले तर नाही ना, हे ती बघत होती. एकेक ओळ, बोट ठेवून. सहा वर्षांनी मला कोणी असे वाचत होते. सगळे होते बहिणीत. वेगळी होती ती फक्त दादाची फसलेली सुधारणा.

म्हणून तुम्हाला माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळे सांगतील. जपा, पण जिचे काम संपले तिला कामावर असल्याच्या थाटात ठेवू नका. जी काम करते तिला तिच्या नावाने हाक मारा. माझ्या बहिणीच्या कप्प्यावरची 'जुनी प्रत' ही पाटी ताईने सकाळीच बदलली आहे.

आता पडद्यावर एक चौकट आली आहे. ही फाइल कायमची काढून टाकायची का, असे संगणक विचारतो आहे. ताईचे बोट थांबले आहे. दादाने तीन आठवडे खपून लिहिलेली मी, आईच्या पायरीपायी जन्मलेली. तिला जड जाते आहे हे मला दिसते.

ताई, हो म्हण.